दोन आखूड, एक लांब

तब्येत तपासायची म्हटली की माणूस टाळाटाळ करतो, आणि गाडी तपासायची म्हटली की गाडी करते. काटेसाहेबांच्या गाडीने हा प्रकार सोमवारी सुरू केला. वाहन-तपासणीचं पत्र सकाळी घरात आलं आणि दहाच मिनिटांत खाली उभ्या गाडीच्या पोटाखालून टप्प करून एक काळा थेंब जमिनीवर पडला. आधी नाही, नंतर नाही. काटेसाहेबांनी तो गॅलरीतून पाहिला आणि त्यांच्या पोटात त्याहून मोठा थेंब पडला.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं खात्यात निरीक्षक. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून फिरून लोकांचे तराजू, काटे, लिटरची मापं तपासायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, चुकीची असली तर जप्त करायची, हे त्यांचं काम. दुकानदारांनी त्यांना काटेसाहेब नाव दिलं आणि ते घरापर्यंत चालत आलं. बायकोने चहात साखर घातली तरी ते विचारत, चमचा सपाट की शिगेचा? आयुष्यभर दुसऱ्याला पास-नापास करणाऱ्या माणसाला आता स्वतःची गाडी घेऊन रांगेत उभं राहायचं होतं. सर्जनने स्वतः टेबलावर आडवं व्हावं, तसं त्यांना झालं.

पत्रात लिहिलं होतं की वाहनाला दहा वर्षं पूर्ण होत असल्याने यापुढे नुसत्या धुराच्या दाखल्यावर भागणार नाही. ब्रेक, दिवे, धूर, चाकं इत्यादी सर्व बाबींची तपासणी करून घ्यावी. जुन्या कागदाची मुदत शनिवारी संपते. काटेसाहेबांनी पत्र तीनदा वाचलं. ब्रेकची त्यांना काळजी नव्हती, दिव्यांची नव्हती. त्यांना झोंबला तो 'इत्यादी'. नोकरीत त्यांनी स्वतः अनेकांना इत्यादीवर पकडलं होतं.

एरवी शनिवार काय आणि पुढचा मंगळवार काय. पण रविवारी सकाळी सातला लेकीला घेऊन निघायचं होतं. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, गाडीने पाच तासांवर. सोमवारी हजर व्हायचं. घरात सगळीकडे उघड्या बॅगा पडल्या होत्या, आणि त्या बॅगांमधून वाट काढत काटेसाहेब दिवसभर येरझारा घालत होते. त्यांनी लेकीकडे, नशिबाकडे, कुणाकडेच काही मागितलं नव्हतं. फक्त एवढंच, की तिला सोडायला आपण जायचं, आपल्या गाडीने जायचं, आणि ती पुढे आपल्या शेजारी बसलेली असेल. पाच तास. लेकीशी बोलायचं असं काहीतरी त्यांच्या मनात आठ वर्षं साचून राहिलं होतं. काय ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं, पण पाच तासांत ते आपोआप बाहेर येईल असा त्यांचा हिशेब होता.

दुसरा पर्यायही तयार होता आणि तोच खरा त्रास होता. साडूने आपली नवी कोरी गाडी देऊ केली होती, स्वतःसकट. "तुम्ही मागे बसा निवांत," असं तो फोनवर म्हणाला होता. मागे म्हणजे बॅगांच्या शेजारी. पुढे लेक, आणि पाच तास साडूचं भाषण. बायको म्हणाली, कागद दोन दिवस उशिरा झाला तर कोण बघतंय? काटेसाहेब म्हणाले, मुदत संपलेली गाडी आणि मुदत संपलेला काटा यांत मी फरक करत नाही. बायकोने हात टेकले. तिने ते आधीही पुष्कळदा टेकले होते, त्यामुळे तिला ते सवयीचं होतं.

तपासणीची वेळ बुधवारची मिळाली, दहा वाजून चाळीस मिनिटांची. मंगळवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर जिना उतरून आले. या गृहस्थांनी आयुष्यात कधी गाडी घेतली नव्हती आणि म्हणून गाड्यांबद्दल त्यांचं मत अगदी निर्मळ होतं. ते म्हणाले, तपासनीस आधी काय करतो? बॉनेट उघडतो. आत धूळ दिसली की त्याचं मन बिघडतं. कर्जाची फाईलसुद्धा मी आधी हाताने झटकून बघायचो. इंजिन धुऊन काढा.

काटेसाहेबांना हे पटलं. खरं म्हणजे त्यांना काहीतरी करायला हवं होतं, हात स्वस्थ बसत नव्हते, आणि अशा वेळी माणसाला काहीही पटतं. त्यांनी पाइप लावला. मॅनेजर शेजारी उभे राहून, इकडे मारा, तिकडे मारा, असं सांगत राहिले. इंजिन न्हाऊन निघालं. इतकं चकचकीत झालं की दोघांनी थोडा वेळ ते नुसतं पाहिलं. मग काटेसाहेब आत बसले, किल्ली फिरवली, आणि गाडी दोनदा खाकरून गप्प झाली.

मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळी गल्ली डॉक्टर म्हणे, कारण तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. डॉक्टरने आत पाहिलं, मग काटेसाहेबांकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात विचारलं की हिला आंघोळ कुणी घातली. मॅनेजर तेवढ्यात वर गेले होते. प्लगांच्या खाचांत पाणी साचलं होतं. आता वाळवायचं कसं? लेकीचं केस वाळवायचं यंत्र आलं. त्याची वायर पोचेना, म्हणून तळमजल्यावरच्या शिंपिणीच्या खिडकीतून एक लांब वायर आली, तिला जोडून दुसरी, तिला जोडून मॅनेजरांची तिसरी. शेवटी बॉनेटवर वाकून काटेसाहेब इंजिनाचे केस वाळवू लागले. येणारा-जाणारा थांबून विचारी, काय झालं? काटेसाहेब म्हणत, काही नाही. एका बाईने जाता जाता सांगितलं की फार जवळून धरू नका, कोरडे पडतात.

वर गॅलरीत लेक उभी होती. ती हसत होती का, हे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. तासाभराने गाडी सुरू झाली.

बुधवारी दहा चाळीसची वेळ होती, म्हणून काटेसाहेब सव्वाआठला केंद्रावर पोचले. फाटक बंद होतं. त्यांनी फाटकाभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर दाबून पाहिले, काचा पुसल्या, मग पुसलेल्या काचा पुन्हा पुसल्या. दहाला खिडकी उघडली. आतला कारकून कागदाकडे पाही, मग गाडीकडे पाही, मग पुन्हा कागदाकडे. मुलगी बघायला आलेल्या माणसासारखं त्याचं चाललं होतं.

"कागदावर गडद हिरवा आहे," तो म्हणाला. "ही हिरवी कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. दहा वर्षं उघड्यावर उभी राहून गाडीचा हिरवा रंग उडत उडत अशा ठिकाणी येऊन पोचला होता की त्याला नाव नव्हतं. सकाळी ती राखाडी दिसे, दुपारी पांढुरकी, आणि पाऊस पडला की थोडी लाजल्यासारखी हिरवट. काटेसाहेबांनी सांगितलं की रंग उन्हाने उडालाय. कारकून म्हणाला, रंग बदलला की तसा अर्ज करावा लागतो. काटेसाहेब म्हणाले, मी बदललेला नाही, उन्हाने बदलला.

"मग उन्हाने अर्ज करायला हवा होता," कारकून म्हणाला, आणि हसला नाही.

एकतीस वर्षांत आपण दुकानदारांशी नेमकं याच स्वरात बोलत आलो, हे काटेसाहेबांना त्या क्षणी कळलं आणि कानशिलं तापली. पण मेंदूही चालला. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि कारकुनाला खिडकीमागून बाहेर यायची विनंती केली. दाराच्या आतल्या कडेला, जिथे ऊन कधी शिरलं नव्हतं, तिथे पहिल्या दिवसाचा हिरवा जसाच्या तसा होता. पानाआड लपलेल्या कैरीसारखा. आणि त्या हिरव्यावर एक चिमुकलं पिवळं फूल चिकटवलेलं होतं, वहीवर लावायचं असतं तसं. लेक तेरा वर्षांची असताना गाडी घरी आली, त्या दिवशी तिने ते लावलं होतं. काटेसाहेब ते विसरून गेले होते. कारकुनाने हिरव्यावर बोट फिरवलं, फुलावरून जरा जपून फिरवलं, आणि शिक्का मारला.

आत तपासणीची लांबलचक शेड होती. जमिनीत रूळ बसवलेले, त्यावर चाकं ठेवायची, ती फिरवून ब्रेक बघायचे. पुढे दिवे बघायचा चौकोनी डोळा. शेवटी धुराचं यंत्र. तपासनीस एक बाई होत्या, निळ्या कोटातल्या, हातात पाटीवर लावलेला कागद. त्या एकेक बाब बघत आणि पेनाने खूण करत. न घाई, न ढिलाई. ही बाई आपल्या खात्यात हवी होती, असं काटेसाहेबांना मनापासून वाटलं. ब्रेक पास. दिवे पास. चाकं पास.

"हॉर्न वाजवा," बाई म्हणाल्या.

काटेसाहेब दचकले. हाच तो इत्यादी.

इथे आठ वर्षं मागे जाणं भाग आहे. लेक शाळेत होती तेव्हा काटेसाहेब रोज सकाळी सातला गाडी खाली काढून हॉर्न वाजवायचे. दोन आखूड, एक लांब. पीप, पीप, पीईईप. म्हणजे, वेणी राहू दे, डबा घे, निघ. गल्ली त्यावर घड्याळं लावायची. दोन वर्षं हे चाललं. मग एके सकाळी पंधरा वर्षांची लेक खाली आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. कोपऱ्यावर तिच्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या आणि त्या तिला पाहून तोंडाने पीप पीप करत होत्या. ती म्हणाली, "बाबा, मला ऐकू येतं. अख्ख्या गल्लीला कशाला बोलावता?" आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. काटेसाहेब "बरं" म्हणाले. त्याच दिवशी रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की आजपासून मी हॉर्नला हात लावणार नाही. आणि नाही लावला. समोर म्हैस आली तरी नाही, सायकलवाला आला तरी नाही, काच खाली करून "जरा बाजूला होता का?" असं विचारायचे. लेक मात्र त्या दिवसापासून मागेच बसू लागली. तिला वाटलं, बाबा रागावले. बाबांना वाटलं, ती रागावली. दोघंही फार समजूतदार, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

तर आता बाई म्हणत होत्या, वाजवा. काटेसाहेबांनी त्यांना समजावून सांगितलं की आपण तत्त्व म्हणून हॉर्न वाजवत नाही. बाई म्हणाल्या, तत्त्व चांगलं आहे, आज वाजवा. मागे रांग वाढत होती. काटेसाहेबांनी डोळे मिटले, आठ वर्षांच्या व्रताची मनोमन माफी मागितली, आणि अंगठा दाबला.

काही झालं नाही.

पुन्हा दाबला. मग तळहाताने. मग दोन्ही हातांनी. गाडीने हूं की चूं केलं नाही. मागे बेकरीची व्हॅन उभी होती. तिचा ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, साहेब, माझा देऊ का? आणि त्याने तो दिलाही. शेडचे पत्रे थरथरले. सगळी रांग हसली. बाईंनी कागदावर पहिल्यांदा फुली मारली. एक फुली पडली की पुढची तपासणी थांबते, त्यामुळे धुरापर्यंत गाडी गेलीच नाही. फेरतपासणीसाठी गुरुवार भरलेला, शुक्रवार भरलेला. शनिवारी नऊची एक जागा होती.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायको बॅगेत चादरी बसवत होती. तिने मान वर न करता सांगितलं की त्यात एवढं काय, वायर मीच काढायला लावली होती डॉक्टरला. आठ वर्षं झाली.

"का पण?"

"तुम्ही शपथ घेतलीत ना, म्हणून."

"अगं, शपथ घेतली होती म्हणजे वायर काढायची गरजच नव्हती."

"तुम्ही सिगारेटपण सोडली होती," बायको म्हणाली. "तीनदा."

काटेसाहेब खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. आठ वर्षं मोठ्या निग्रहाने उपास करावा आणि शेवटी कळावं की घरात धान्यच नव्हतं, अशी त्यांची गत झाली. घराने आपल्यावर भरवसा ठेवला नाही याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे, की आपल्या कडकडीत व्रताचा पुरावाच कुणी ठेवला नाही. मग एकाएकी ते ताठ झाले. ते म्हणाले, आठ वर्षांत हॉर्न मुका आहे हे मला कळलं नाही. कळलं नाही, कारण मी तो एकदाही दाबला नाही. दाबला असता तर कळलं नसतं का?

बायकोने चादर खाली ठेवली. थोडा विचार केला. "हे मात्र खरं," ती म्हणाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं होतं.

दारात लेक उभी होती, हातात घडी घातलेले कपडे. तिने विचारलं, बाबा, खरंच एकदाही नाही? काटेसाहेब म्हणाले, नाही. ती वळली. कपडे घेऊन परत आत गेली, जिथून ते आणले होते तिथेच.

गुरुवारी डॉक्टरने वायर जोडली, पण हॉर्न आतून गंजून गेला होता. या गाडीचा हॉर्न बाजारात मिळेना. तेव्हा डॉक्टरने टेम्पोचा बसवला आणि कायद्यात बसतो याची ग्वाही दिली. तो वाजवून दाखवताना मॅनेजरांच्या हातातला पेपर वरच्या गॅलरीतून खाली आला. शुक्रवारी साडूचा फोन आला. त्याने गाडी धुऊन, पुसून, हवा भरून तयार ठेवली होती. काटेसाहेब त्या दिवशी जिना किती वेळा उतरले आणि चढले याची नोंद नाही, पण शिंपिणीने नंतर सांगितलं की तिचं एक ब्लाउजचं माप त्यामुळे तीनदा चुकलं.

शनिवारी साडेसातला ते निघाले तर लेक चपला घालून दारात. मीपण येते, ती म्हणाली. घरी बॅगा बघून कंटाळा आला. खाली उतरून तिने पुढचं दार उघडलं आणि बसली. काटेसाहेबांनी काही पाहिलंच नाही असं दाखवलं. फक्त पहिला गिअर टाकण्याऐवजी त्यांनी मागचा टाकला.

या वेळी सगळं सुतासारखं सरळ झालं. हॉर्न वाजला, बाईंचं पेन हातातून उडालं, पण आवाज मोजायच्या यंत्रावरचा आकडा मर्यादेच्या आत होता. खूण. मग गाडी पुढे सरकली, धुराच्या यंत्राची नळी मागे लावली, बाईंनी सांगितलं तसा काटेसाहेबांनी पाय दाबला, सोडला. आकडा आला. पास. बाईंनी शेवटची खूण केली, कागदाला हात घातला. लेकीने खिडकीतून अंगठा वर केला. काटेसाहेबांच्या छातीवरचा आठवड्याचा धोंडा उतरला, आणि मोकळ्या मनाने, नुसत्या सवयीने, एखादा न्हावी रस्त्यात लोकांच्या मानेकडे बघतो तसं त्यांनी त्या धुराच्या यंत्राकडे पाहिलं. मागच्या बाजूला एक छापील पट्टी चिकटवलेली होती. पुढील प्रमाणीकरणाची तारीख. ती गुरुवारीच होऊन गेली होती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. तारीख तीच.

न वाचल्यासारखं करता आलं असतं. कागद बाईंच्या हातात होता, हात पुढे केला की संपलं. गाडीत लेक पुढच्या सीटवर बसली होती आणि सीट मागे-पुढे करून बघत होती, म्हणजे उद्या पाच तास बसायला सोयीची. काटेसाहेबांनी कागदाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, त्या पट्टीकडे पाहिलं. मग त्यांनी बाईंना जवळ बोलावून हळूच ती पट्टी दाखवली.

बाईंचा चेहरा जरा उतरला. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या की यंत्र प्रमाणित करणारा माणूस सोमवारी येणार आहे, दोन दिवसांचा प्रश्न आहे. "साहेब, तुमची गाडी पास झाली आहे. हा कागद घ्या आणि जा."

"गाडी पास आहे," काटेसाहेब म्हणाले. "यंत्र नापास आहे."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःच्या तोंडाचा फार राग आला. पण तोंड एकतीस वर्षांचं होतं, त्याला काय सांगणार. बाईंनी तो कागद मधोमध फाडला, यंत्रावर कापड टाकलं, आणि फोन करायला आत गेल्या. रांग थांबली. का थांबली हे मागे कळत गेलं तसतसा आवाज वाढत गेला. बेकरीची व्हॅन आजही होती. धुरात दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा आली होती. तिचा ड्रायव्हर उतरून आला आणि त्याने काटेसाहेबांना बरंच काही सुनावलं. त्यातलं सांगण्यासारखं एवढंच, की पास झालेला माणूस शाळेत थांबून पेपर चुकीचा होता म्हणून सांगतो का कधी? काटेसाहेबांचा प्रश्नही तोच होता.

ते गाडीत येऊन बसले. माणूस येतोय म्हणे, पण कधी ते ठाऊक नाही. आला नाही तर आजची मुदत गेली, आणि उद्या साडू. त्यांनी लेकीला हे सगळं काचेकडे बघत सांगितलं. ती रागावेल म्हणून त्यांनी तयारीही ठेवली होती. तिने सीट पुन्हा थोडी मागे सरकवली. मग म्हणाली, "तुम्ही असं केलं नसतं तर मला आश्चर्य वाटलं असतं."

दहा वाजले, अकरा वाजले. शेडच्या पत्र्यावर ऊन चढत गेलं, सावल्या गाड्यांखाली जाऊन बसल्या. लेकीने काच खाली केली. केव्हातरी तिने, रांगेकडे बघत, विचारलं की त्या दिवशी तुम्ही रागावला होतात का. काटेसाहेब म्हणाले, मी कशाला रागावू? मला वाटलं तूच. ती म्हणाली, तुम्ही जेवताना जाहीर केलंत तरी मी दुसऱ्या दिवशी सातला वाट बघत होते. हॉर्न वाजला नाही म्हणून मला उशीर झाला आणि शाळेत बाई ओरडल्या. आणि तुम्ही कधीच वाजवला नाहीत. मला वाटलं, आता काय म्हणू, वाजवा?

काटेसाहेबांनी स्टिअरिंगवरची न दिसणारी धूळ पुसली. मग दोघंही बोलत राहिली. काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिकडच्या खोलीला खिडकी कुठे आहे, पाणी किती वाजता येतं, आईला सांगू नकोस पण मला थोडी भीती वाटते, मलापण, असंच. बारा वाजले, दोन वाजले, तीन वाजले. बेकरीचा ड्रायव्हर येऊन गाडीत न खपलेला पाव देऊन गेला, राग अजून गेलेला नाही असं तोंड करून. पाच तास केव्हाच होऊन गेले होते.

चार वाजता माणूस आला. त्याने यंत्र उघडलं, जोडलं, मापलं, आणि मान हलवली. यंत्र धूर आहे त्याहून जास्त दाखवत होतं. नवी पट्टी लागली. बेकरीची व्हॅन तिसऱ्या खेपेला पास झाली आणि तिच्या ड्रायव्हरने आनंदाने हॉर्न दिला तेव्हा बाईंनी त्याला ताकीद दिली. काटेसाहेबांचा नंबर आता रांगेच्या शेवटी होता. सहाला दहा कमी असताना त्यांच्या हातात कागद पडला. बाई म्हणाल्या, दोन वर्षांनी या. मग थोडं थांबून म्हणाल्या, तुम्ही या, तुमचा काटा नका आणू. तेवढ्या एका वाक्यात त्या हसल्या.

रविवारी सकाळी पावणेसातला बॅगा गाडीत बसल्या. बायको मागे, दोन उशांच्या मधे. मॅनेजरांनी हातात नकाशा कोंबला, ज्यात ते जाणार होते तो नवा रस्ताच नव्हता. लेक पुढे. आणि आठवडाभर ज्यांना एका जागी बसवत नव्हतं ते काटेसाहेब, कुलूप लावून येतो म्हणून वर गेले ते वरच राहिले.

गॅस बंद आहे का पाहिलं. होता. पुन्हा पाहिला. नळ घट्ट केला, तो आधीच घट्ट होता. लेकीच्या खोलीत गेले. कपाट रिकामं, खिळ्यावर एक जुना कंगवा अडकवलेला. तो त्यांनी सरळ केला. खिडकीचा पडदा ओढला, उघडला, पुन्हा ओढला. कसलीच घाई राहिली नव्हती. पायांतली सगळी तडफड कुठेतरी गळून पडली होती, आणि हा एवढा पडदा नीट बसला की मग निघू, असं ते स्वतःला सांगत होते.

खालून आवाज आला. टेम्पोचा हॉर्न, अख्ख्या गल्लीला उठवणारा.

दोन आखूड. एक लांब.

समोरच्या खिडक्या उघडल्या. शिंपिणीने घड्याळाकडे पाहिलं. काटेसाहेबांनी पडदा बाजूला करून खाली वाकून पाहिलं. लेक ड्रायव्हरच्या जागेवर आडवी होऊन, हात हॉर्नवर ठेवून वर बघत होती.

"आलो," ते म्हणाले, आणि इतक्या घाईने जिना उतरले की कुलूप लावायचं राहिलं.